अठ्ठावीस फुटांवरची लाल माती

एकोणीसशे एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत नरखेड तालुक्यातल्या बेलखेडी गावी नागपूरची एक जीप आली आणि नानाजी रेवतकराच्या वावराकडे वळली. शेजारच्या वावरात बळीराम रेवतकर संत्र्याच्या झाडांची आळी नीट करत होता. दोघे चुलतभाऊ, एकाच वर्षी जन्मलेले, आणि दोघांच्या बागांमध्ये फक्त एक धुरा, मातीचा बांध. जीप आपल्याकडे येईल असं बळीरामला क्षणभर का वाटलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ती तिकडेच थांबली. तिच्यातून कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई उतरल्या, त्यांच्यामागून पिशवी घेतलेला एक वयस्क माणूस. नानाजी लगबगीने सामोरा गेला. दहा मिनिटांत त्याच्या घरून चहाची किटली आली. बळीरामने हे सगळं फावड्यावर हात टेकून पाहिलं.

आपण तिकडे जायचं नाही, असं त्याने ठरवलं. मग गेला.

बाईंचं नाव डॉ. शामला गजभिये. नागपूरच्या एका कॉलेजात त्या भूशास्त्र शिकवत. सोबतचे देवाजी त्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. नानाजीने मागच्या उन्हाळ्यात नवी विहीर खणली होती, पंचेचाळीस फूट. पाणी लागलं, पण दगडी बांधकाम यंदावर राहिलं होतं, म्हणून विहिरीची भिंत वरपासून खालपर्यंत उघडी होती. वर काळी माती, मग चुनखडीचे खडे असलेली पिवळी, आणि अठ्ठावीस फुटांवर दोन हात जाडीचा लालभडक पट्टा. त्याखाली वाळू आणि गाळ. पंचायत समितीतल्या कुणीतरी हे बाईंच्या कानावर घातलं होतं.

"हा लाल पट्टा म्हणजे एके काळची जमीन आहे," बाई काठावर उभ्या राहून सांगत होत्या. "आपण आत्ता उभे आहोत तशी. तिच्यावर गवत होतं, जनावरं चरत होती. मग नदीने गाळ आणून टाकला आणि ती खाली गेली."

"कवा?" नानाजीने विचारलं.

"तेच तर शोधायचंय." त्यांनी पिशवीतून होकायंत्र काढलं. मातीत लोखंडाचे बारीक कण असतात, ते माती बसताना या सुईसारखे उत्तरेकडे तोंड करून बसतात आणि तसेच राहतात, असं त्यांनी सांगितलं. आणि पृथ्वीची उत्तर कायम इकडेच नव्हती. लाखो वर्षांपूर्वी सुई उलटी, दक्षिणेकडे तोंड करून उभी राहत असे. शेवटची उलथापालथ झाली त्याला सात लाख वर्षं होऊन गेली. "ज्या थरातले कण उलटे सापडतील, तो थर त्याहून जुना."

मग बाई दोराला बांधलेल्या फळीवर बसून खाली गेल्या. लोखंडाने होकायंत्र फसतं म्हणून नानाजीने सब्बल, घमेली, कुदळी सगळं लांब नेऊन ठेवलं, आणि जणू जन्मभर हेच करत आलो अशा आवाजात इतरांना ओरडू लागला, "लोखंड आनू नका गा जवळ! समजत नाही का?" बाई पितळी सुरीने भिंतीत मातीचा चौकोनी ठोकळा कोरत, त्यावर प्लास्टिकची लहानशी डबी बसवत, डबीवर उत्तरेचा बाण काढत, आणि मगच ठोकळा सोडवत. चार तासांत तीस डब्या वर आल्या.

त्या वर येऊन हात धूत असताना बळीराम पुढे झाला. "बाई, मायी पन इहीर पाहा ना. हे काय, धुऱ्यापलीकडं. यापेक्षा पाच फूट खोल हाय."

बाई आल्या, वाकून पाहिलं. "काय सुरेख बांधकाम आहे! जुनं दिसतंय."

"माया बापाच्या वेळचं."

"पण माती दिसत नाही ना. मला उघडी भिंत लागते." त्या हसल्या आणि जीपकडे निघाल्या. नानाजीने त्यांच्या जीपमध्ये संत्र्यांची करंडी ठेवली. संत्री उशिराची, बारकी होती. माझी याहून मोठी आहेत, असं बळीरामच्या मनात आलं.

हे आजचं नव्हतं. विजेचा खांब आधी नानाजीच्या वावरात रोवला गेला, तेव्हाही बळीरामला दोन रात्री झोप नव्हती. त्याची स्वतःची आई जाईपर्यंत "नानाजीसारखं बोलावं मानसानं" म्हणत गेली. त्याने राजदूत मोटरसायकल घेतली तेव्हा नानाजी मागे बसून काटोलपर्यंत आला आणि सगळ्या रस्त्याने इतकं मनापासून कौतुक करत राहिला, की बळीरामचा अर्धा आनंद तिथंच संपला. नानाजीने त्याचं कधी काही वाईट केलं नव्हतं. तसं काही केलं असतं, तर बरं झालं असतं.

गावात महिनाभर नानाजीच्या विहिरीचंच बोलणं चाललं. गणपतराव मास्तरांनी सातवीची मुलं रांगेने ती बघायला नेली. त्या रांगेत बळीरामची पुष्पलताही होती. संध्याकाळी जेवताना ती सांगू लागली, "बाबा, नानाकाकाच्या इहिरीत लाखो वर्षांची जमीन हाय."

"आपल्याही इहिरीत हाय. तेच वावर, तेच थर."

"मास्तर म्हने, दिसत नाही तं काय कामाची?"

बळीरामची बायको कौसल्या हसली. बळीराम ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी तो दोर बांधून आपल्या विहिरीत उतरला. वरून मोजून अठ्ठावीस फुटांवर त्याने एक दगड हलवून हलवून बाहेर काढला. मागे लाल मातीच होती. नानाजीच्या मातीइतकीच लाल. त्याने ओंजळीत मावेल एवढं ढेकूळ खुरपीने उकरलं आणि दगड परत बसवला. ढेकूळ ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून, पहाटेच्या एसटीने तो नागपूरला गेला. शेजारच्या प्रवाशाने मिठाई आहे का म्हणून विचारलं, तर "औषध हाय" म्हणाला.

कॉलेज शोधायला त्याला अकरा वाजले. शामलाबाईंनी त्याला लगेच ओळखलं, बसायला स्टूल दिलं, देवाजींना चहा सांगायला लावला. भिंतीशी लाकडी फळ्यांवर त्या डब्या रांगेने मांडलेल्या होत्या, हैदराबादला मोजणीसाठी जायच्या होत्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. बळीरामने मान वाकडी करून एक वाचली: 'बेलखेडी. नानाजी विहीर. २८ फूट.' दुसरी वाचली. तीस वेळा तेच नाव.

त्याने फडकं सोडलं. बाईंनी ढेकूळ हातात घेऊन खिडकीशी नेलं.

"हीच माती आहे. तोच थर." त्यांनी ते अलगद टेबलावर ठेवलं. "पण बळीरामजी, ही विहिरीत असताना हिची उत्तरेकडची बाजू कुठली होती?"

बळीरामने ढेकूळ फिरवून पाहिलं. "वरची बाजू ही होती. म्हणजे... मले वाटते."

देवाजी हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, तरी बळीरामचे कान तापले.

"काढायच्या आधी खूण केली नाही, तर आतले कण कुठे तोंड करून होते ते कसं कळणार?" बाई म्हणाल्या. "मग ती नुसती माती राहते. तुम्ही एवढ्या लांब घेऊन आलात..." त्याला बरं वाटावं म्हणून त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्या विहिरीची भिंत उघडी असती ना, तर मी स्वतः आले असते."

हे एवढं वाक्य घेऊन बळीराम परत आला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याने विहिरीचे दगड काढायला सुरुवात केली. पूर्वेच्या अंगाला, लाल थर येईल तिथे, पुरुषभर उंच आणि दोन हात रुंद जागा उघडी करायची, एवढाच त्याचा बेत होता. विहिरीचं काम करणाऱ्या बाबारावला त्याने बोलावलं. बाबारावने वाकून पाहिलं आणि पागोटं डोक्यावर नीट केलं. "खालचे दगड काढले तं वरचे कायच्यावर राहतीन गा? मी नाही उतरत." तेव्हा बळीराम एकटाच उतरला. एकेक दगड टोपलीत घालायचा, वर येऊन टोपली ओढायची, दगड निंबाखाली रचायचा, परत उतरायचं.

तिसऱ्या दिवशी कौसल्या काठावर येऊन उभी राहिली.

"त्या बाईनं तुमाले सांगतलं का, इहीर फोडा म्हनून?"

"उघडी असती तं आली असती म्हने."

"असती तं म्हने! झाडावर एवढी एवढी फळं धरली हायेत. पानी कोठून देसान?"

"लगेच बांधून घेईन परत. बाईनं डब्या नेल्या का दुसऱ्या दिवशी."

"अन् मंग काय होईन?"

त्याने पुढचा दगड टोपलीत घातला. मग पुष्पलताची शाळा रांगेने आपल्या वावरात येईल. मग त्या फळीवर दुसरी चिठ्ठी लागेल. हे बायकोसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

जागा उघडी झाली. लाल माती ओली, गुळगुळीत, उन्हात चमकत होती. बळीरामने त्याच दिवशी बाईंना पोस्टकार्ड टाकलं: 'आमच्याही विहिरीची भिंत उघडी केली आहे. थर चांगला दिसतो. लवकर यावे. आपला, बळीराम रेवतकर.' पुढचे चार दिवस तो रोज खाली जाऊन भिंतीवर ओलं पोतं मारून यायचा, माती सुकून तडकू नये म्हणून.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, तो दोराला हात घालतच होता, एवढ्यात कौसल्याने जेवायला हाक मारली. आज पहिल्यांदाच तिने आपणहून हाक मारली होती, चार दिवस तिचा अबोला होता. तो दोर सोडून निंबाखाली आला. भाकरीचा पहिला घास तोंडात असतानाच विहिरीतून आधी एक दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला, मग दुसरा, आणि मग जमीन हादरली. पूर्वेचं सगळं अंग वरपासून खालपर्यंत आत बसलं. काठावरचं एक संत्र्याचं झाड फळांसकट गेलं. कपारीवर बसवलेली मोटर गेली. धूळ खाली बसल्यावर पाहिलं, तर विहिरीत पाणी नव्हतंच, दगडमातीचा ढिगारा होता.

कौसल्या रडली नाही. ती भाकरी झाकून घरी निघून गेली.

रविवारी जीप आली. बाई पोस्टकार्ड हातात घेऊनच उतरल्या. विहिरीकडे पाहून त्या जागीच थांबल्या. गावातली पाचसात माणसं जमली होती, नानाजीही धुरा ओलांडून आला होता.

"हे कसं झालं?" बाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुम्ही लिहिलं होतं, भिंत उघडी केली म्हणून. तुम्ही बांधकाम काढलंत? माझ्यासाठी?"

निंबाखाली साठसत्तर दगड ओळीने नीट रचलेले होते. ढासळलेल्या विहिरीतले दगड असे रचले जात नाहीत, हे लहान लेकरालाही कळलं असतं. नानाजीने त्या दगडांकडे पाहिलं, मग बळीरामकडे.

"जुनी इहीर होती बाई," नानाजी म्हणाला. "दगड मोकये झाले होते. हा पडायच्या आधी काढून घेत होता, तेवढ्यात बसली. तुमचा काई दोष नाही."

बाईंनी बळीरामकडे पाहिलं. त्याने मान हलवली, म्हणजे होय असं. काठ अजून सुटत होता, म्हणून बाईंनी कुणालाच जवळ जाऊ दिलं नाही, आणि त्या दुपारच्या आत परत गेल्या. एकही डबी निघाली नाही.

नानाजीने चारचौघांत त्याची लाज राखली होती. बळीरामला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, की आपण या माणसाचा अगदी मनापासून द्वेष करतो.

सकाळी तो बागेत गेला तर झाडांच्या पायाशी पाणी होतं. नानाजीने धुरा एका जागी फोडून आपल्या विहिरीचं पाणी दांडाने इकडे सोडलं होतं. विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. बळीरामने फावडं उचललं. दांडावर दोन फावडी माती टाकली असती, की पाणी अडलं असतं. तो तसाच फावडं धरून उभा राहिला. एप्रिलचं ऊन चढायला लागलं होतं आणि झाडांची पानं कडेने वळली होती. पाणी पहिल्या आळ्यात भरून वर आलं, तेव्हा त्याने माती ओढून ते दुसऱ्या ओळीला लावलं. दुसरी भरल्यावर तिसऱ्या. दुपारपर्यंत त्याने मान वर केली नाही. धुऱ्यापलीकडे नानाजी होता, हे त्याला न बघताही कळत होतं.

आठवड्यातून तीन दिवस असं पाणी येत राहिलं. नानाजीची स्वतःची शेवटची एक ओळ त्यापायी सुकली.

मे महिन्याच्या मध्यात नानाजीने आपल्या विहिरीचं राहिलेलं बांधकाम सुरू केलं. बळीराम न बोलावता गेला आणि दगड उतरवायच्या दोराला लागला. सहाव्या दिवशी बाबाराव जेवायला गेला होता, विहिरीत खाली मचाणावर दोघंच चुलतभाऊ होते. समोर लाल पट्टा होता आणि त्यात बाईंनी कोरलेल्या डब्यांची चौकोनी भोकं. आता त्यावर दगड चढायचे होते.

"नाना," बळीराम म्हणाला, "ते दगड मोकये नव्हते झाले. म्या काढले."

"मले मालूम हाय."

"मंग त्या दिवशी काहून नाही बोलला?"

"त्या परक्या बाईसमोर काय बोलू? मायावाला भाऊ येडा हाय म्हनू?"

"म्हनायचं होतं."

नानाजीने हातातला दगड मचाणावर आपटला. त्याचा आवाज एकदम चढला, विहिरीत घुमला. "अरे, तुया एकट्याच्या बापाची होती का गा ते इहीर? वाटनी व्हायच्या आधीची होती! माया बापानं डोक्शावर दगड वाहिले तिच्यासाठी. त्याची मान जी वाकली ते मरेपर्यंत सरळ नाही झाली. मी लेकरू होतो तवा त्याच्या मांग चालत होतो, अन् तू फोडून ठेवली! कायच्यासाठी? एका चिठ्ठीसाठी!"

चिठ्ठीचं नानाजीला कुणी सांगितलं, कोण जाणे. नागपूरहून आल्यावर बळीरामने कौसल्याला त्या चिठ्ठ्यांचं सांगितलं होतं, तिनेच ताडून सांगितलं असावं. नानाजी बोलत राहिला. तोंडाला येईल ते बोलला, लहानपणापासूनचं काढलं. तुझ्या कपाळावरची आठी मला रोज दिसते, मी काही आंधळा नाही, असंही म्हणाला. बळीराम मचाणावर बसून ऐकत होता. नानाजीने त्याला कधी एक वावगा शब्द म्हटला नव्हता, तो आज ओरडत होता, थुंकी उडत होती, आणि बळीरामला गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

"झालं?" त्याने शेवटी विचारलं.

"नाही झालं," नानाजी म्हणाला. "दगड दे."

त्याने दगड दिला. संध्याकाळपर्यंत लाल पट्टा झाकला गेला.

त्या वर्षी बळीरामचा बहार निम्माच आला. पण झाडं जगली.

बाई पुढच्या जानेवारीत आल्या. हैदराबादची मोजणी झाली होती. नानाजीच्या अंगणात खाटा टाकल्या, गणपतराव मास्तर आले, बळीरामही कोपऱ्यात येऊन बसला. बाईंनी सांगितलं, की पिवळ्या मातीतले कण आजच्यासारखे उत्तरेला होते, आणि लाल मातीतले आणि तिच्याखालचे सगळे उलटे. म्हणजे ती जमीन सात लाख वर्षांहून जुनी.

"म्हंजे मायी इहीर सात लाख वर्षांची!" नानाजी म्हणाला, आणि सगळे हसले.

बळीराम हसला नाही. "बाई, सुई एकदाच फिरली का आजवर?"

"नाही. कितीतरी वेळा."

"मंग खाली अजून खनलं तं परत सुलटी लागन, त्याखाली परत उलटी?"

"बरोबर."

"मंग हा जो उलटा थर हाय, तो वरून पहिल्या फेऱ्यातलाच कशावरून? याच्या आधीच्या फेऱ्यातला काहून नाही?"

शामलाबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "हाच प्रश्न मला हैदराबादला विचारला गेला," त्या म्हणाल्या. "आणि उत्तर माझ्याकडे अजून नाही. सात लाखांहून जुना, एवढंच आज म्हणता येतं. किती जुना, ते ठरवायला त्या थरात दुसरं काही सापडायला हवं. जनावराचा दात, हाड, दगड झालेलं." मग त्या अर्धा तास त्याच्याशीच बोलल्या. कागदावर पट्टे काढले, काळे आणि पांढरे. नानाजी मध्येच उठून गुरांना बघायला गेला, मास्तरांना डुलकी लागली. बळीरामने ते पट्टे बोटाने मोजले.

निघताना बाई नानाजीला म्हणाल्या, "मला वर्धा नदीच्या काठाने चारपाच दिवस फिरायचंय. दरडी कुठे तुटल्यात, हा लाल थर कुठे उघडा पडलाय, ते माहीत असलेलं कुणी सोबत हवं. तुम्ही याल का?"

आधी त्यालाच विचारलं, हे बळीरामने टिपलं. अर्धा तास कागद माझ्यासमोर, आणि विचारायची वेळ आली की नाना.

"माये गुडघे कुठले चालतात बाई," नानाजी म्हणाला. "बळीरामले न्या. नदीचा काठ त्याले तोंडपाठ हाय. अन् मले तं तुमचं ते उलटंसुलटं काही समजत नाही."

सगळे बळीरामकडे पाहू लागले. नाही म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. संत्र्याची तोडणी आहे, वेळ नाही, असं काहीतरी.

"कवा निघाचं?" त्याने विचारलं.

"सोमवारी, सात वाजता?"

"सहाले निघू. ऊन लागते तिकडं."

घरी आल्यावर कौसल्याने विचारलं, बाई काय म्हणाल्या. त्याने सगळं सांगितलं. आधी नानाजीला विचारलं होतं, एवढं मात्र सांगितलं नाही.